धारेचं लुगडं

पहाट उजळायला लागली की कानिफनाथ गोठ्यातल्या खुंटीवरचं लुगडं काढायचा आणि मनकर्णा व्हायचा.

लुगडं जुनं इरकली होतं, हिरवट अंगाचं, विटकरी काठाचं. ते तो डोक्यावरून घ्यायचा, पदर हनुवटीखाली दाबायचा, चंद्रीच्या कुशीला उकिडवा बसायचा आणि आवाज बारीक करून म्हणायचा, "हं गं माझे बाई, हं." चंद्री मान वळवायची. नाकपुड्या फुलवून पदराचा वास घ्यायची, चांगला सावकाश घ्यायची. मग तिच्या पोटातून लांब सुस्कारा निघायचा, कास ताठ व्हायची आणि ती पान्हा सोडायची. बाकीच्या दोन्ही म्हशी तिच्याच लेकी. आईनं सोडला की त्याही सोडायच्या. कासंडीत धारांचा आवाज घुमायला लागला की कानिफनाथाला मिशा आहेत, हे त्या गोठ्यात कुणाच्या ध्यानात राहायचं नाही. त्याच्या स्वतःच्याही नाही.

त्याची बायको मनकर्णा जाऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. सून धनश्री कोमट पाण्याची बादली घेऊन गोठ्याच्या दारात आली आणि तिथंच थिजली. पाठमोरी सासू धार काढत बसली होती. तोच वाकलेला खांदा, तोच पदर. बादली हातातून सुटली.

"आत्या!"

पाठमोऱ्या बाईनं मान वळवली, तर मिशा.

ती ओट्यावर जाऊन बसली. पाणी प्यायली, मग म्हणाली, "मामा, तुमी खोकत जावा. मी यायच्या आधी एकदा तरी खोकत जावा."

तेव्हापासून कानिफनाथ धार काढताना मधून मधून खोकायचा.

नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला, उसाच्या फडांमध्ये त्याची वस्ती. बाप सायकलीला किटल्या अडकवून नेवाशात दूध घालायचा. कानिफनाथानं सायकलीची मोटारसायकल केली, किटल्यांचे कॅन केले, बाकी रतीब तोच ठेवला. डेअरीला त्यानं थेंब घातला नाही. दारात उभं राहून मापानं दूध ओतायचं आणि घरातल्या बाईचं तोंड बघायचं, यातच त्याला धंदा केल्यासारखं वाटायचं. वाटही ठरलेली. वस्तीतून निघालं की फाट्यावर लंकाबाईचं घर, मग आदिनाथची चहाची टपरी, पुलाजवळ रिटायर मास्तर, पेठेत शिंपी, आणि सगळ्यात शेवटी दवाखान्याच्या मागच्या बोळात स्नेहलचं घर. मधली दोनचार घरं कमीजास्त व्हायची. ही मात्र कायमची.

वाट कानिफनाथाची असली तरी लोक त्या दुधाला मनकर्णेचं दूध म्हणायचे, आणि ते खरं होतं.

तिची कामाची रीत बघण्यासारखी होती. कास कोमट पाण्यानं धुवायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, ओल्या बोटांनी सडाला हात लावायची नाही. पहिल्या चिळकांड्या जमिनीवर सोडायची. "पहिली धार धरनीची," म्हणायची. कॅन सोड्यानं घासून, कढत पाण्यानं विसळून उन्हात पालथे घालायची आणि संध्याकाळी एकेका कॅनात तोंड खुपसून वास घ्यायची. कानिफनाथ चेष्टा करायचा, "आत काय जावई बसलाय व्हय गं?" तोंड बाहेर न काढता ती आतूनच बोलायची, आणि तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमून यायचा, "तुमचा आळस झोपलाय का त्ये बगते."

पण जीव होता तो गाळण्यावर. त्या घरात दूध घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याच्या पदरातून गाळायचं, ही सासूच्या सासूपासूनची चाल. पदराचे दोन तुकडे आलटूनपालटून वापरायचे. ऊन डोक्यावर आलं की अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर मनकर्णा पातेल्यात सोडा टाकून गाळणं रटरटा उकळायची, पिळायची, मेंदीच्या कुंपणावर वाळत घालायची. त्याला कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. नवऱ्यानंही नाही.

संक्रांत झाल्यावर तिला ताप भरला. त्या संध्याकाळीही तिनं धार काढली, धारेच्या वेळी अंगावर घ्यायचं ते इरकली लुगडं खुंटीला अडकवलं आणि मग मोटारसायकलवर नवऱ्याच्या मागं बसून दवाखान्यात गेली. ताप छातीत उतरला. ती परत आली ती गाडीत आडवी.

दशक्रियेला प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, खाली उतरत नव्हते. मुलगा कल्याण शिर्डीहून आलेला; तिथल्या हॉटेलात तो कामाला. तो म्हणाला, "आई, धनश्रीला आन पोरीला नीट सांभाळीन." धनश्री म्हणाली, "आत्या, तुमच्या नातीची, ज्ञानूची काळजी करू नका." कानिफनाथ म्हणाला, "म्हशींचं मी बगतो." उन्हं चढली तरी एकही कावळा हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं घरी परतली. कानिफनाथ मागं वळून बघत बघत आला.

भावकीतल्या बायकांनी मनकर्णेचे कपडे गोळा करून वाटले, काही नदीला सोडले. गाळण्याचे दोन्ही तुकडेही त्या गाठोड्यात गेले. गोठ्यातलं लुगडं मात्र कुणाच्या नजरेला पडलं नाही, आणि कानिफनाथानं ते दाखवलंही नाही.

त्याला कारण होतं. चंद्रीनं त्याला कासेला हात लावू दिला नव्हता. कपडे वाटायच्या आधी ट्रंकेतलं मनकर्णेचं एक धुतलेलं लुगडं त्यानं पांघरून पाहिलं, तर चंद्रीनं कासंडीला अशी लाथ घातली की भांडं दारापर्यंत गेलं. आदिनाथ म्हणाला, "तात्या, पान्ह्याचं इंजेक्शन मारा. सगळेच मारत्यात." कानिफनाथ म्हणाला, "आमच्या गोठ्यात असलं शिरलं न्हाई आन शिरनार न्हाई." मग त्याला खुंटी आठवली. ते न धुतलेलं लुगडं त्यानं डोक्यावरून घेतलं, आणि चंद्रीनं पान्हा सोडला.

त्या दिवशी त्यानं ठरवून टाकलं, हे लुगडं पाण्यात घालायचं नाही. वास गेला की म्हैस गेली, दूध गेलं. आणि आणखीही काही गेलं असतं, त्याला त्यानं नाव दिलं नाही.

गाळायला आता कापड नव्हतं. धनश्रीच्या साड्या सगळ्या नायलॉनच्या. ती म्हणाली, "मामा, बाजारात स्टीलची जाळीची गाळणी मिळती." कानिफनाथ ताठ बसला. "या घरात दूध पदरातनंच गाळत्यात." लुगडं कापायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्यानं त्याचाच पदर घडी करून कॅनच्या तोंडावर धरला. धार झाली की पदर गार पाण्यात बुचकळायचा, पिळायचा आणि लुगडं पुन्हा खुंटीला. चाल त्यानं राखली. चुलीवरचं पातेलं मात्र दुपारच्या उन्हात पालथंच पडून राहिलं.

होळीच्या आसपास ऊन तापायला लागलं, आणि एका सकाळी स्नेहल दारात थांबलेली दिसली.

"तात्या, काल दूध तापवायला ठेवलं आणि फाटलं. पातेलं माझं काही घाण नव्हतं."

"ऊन वाढलंय पोरी. आज थोडं जास्त घे," कानिफनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही फाटलं. नंतर पेठेतल्या शिंप्याकडं. शिंपीण भिऊन गेलेली होती. "तात्या, भर दुपारची येळ. पातेलं चुलीवर हुतं. दारात कुनी तरी उभं हाय असं वाटलं म्हनून मी बाहेर बगितलं, तर नुसतं ऊन. माघारी वळले तर दूध नासलेलं."

"कसं वाटलं, बाई का बाप्या?" कानिफनाथानं विचारलं. त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, शिंपीण एक पाऊल मागं सरली.

"बाईच," ती म्हणाली.

मग पुलाजवळच्या मास्तरांचं दूध नासलं.

परतताना कानिफनाथ पुलावर गाडी उभी करून कठड्याला टेकला. खाली प्रवरेचं पाणी आटून डोहात गोळा झालं होतं. दवाखाना, शिंपी, मास्तर. त्यानं मनातल्या मनात वाट उलटी चालून पाहिली. नासणं शेवटच्या घरापासून निघालं होतं, आणि घर घर करत अलीकडं येत होतं. वस्तीच्या दिशेनं.

मनकर्णा कधीच भराभर चालणारी नव्हती. ओळखीचं दार दिसलं की थांबायची, दोन शब्द बोलायची, पदरानं तोंड पुसायची, मग पुढं निघायची. दवाखान्यातून तिला गाडीनं आणली होती खरी. पण कावळा कुठं शिवला होता? गाडीत आडवं आलं ते शरीर. ती मागं राहिली होती, आणि आता पायी निघाली होती.

कानिफनाथाच्या अंगावर शहारा आला, आणि त्याबरोबरच त्याला हसू फुटलं. किती दिवसांनी.

त्यानंतर तो बदलला. लोकांची बोलणी खाली मान घालून ऐकायचा, नासलेल्या दुधाच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी जास्तीचं माप घालायचा, आणि घरी येऊन ओटा सारवून घ्यायचा. मनकर्णेची बाज त्यानं नव्या सुतळीनं विणून काढली. मेंदीचं कुंपण कातरलं. धनश्रीनं विचारलं, "मामा, कोन येनार हाय का?"

"येईल की कुनी तरी," तो म्हणाला.

धार काढताना तो आता खोकत नसे. लुगड्याखाली डोळे मिटून बसायचा. त्या अंधारात शेणाचा, घामाचा, आंबोणाचा, आंबट ओलीचा वास दाटलेला असायचा, आणि त्यातच कुठंतरी मनकर्णा असायची. एक वास कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, हे त्याला कळेनासं झालं होतं. कधी वाटायचं, लुगड्याच्या आत दोघं जण श्वास घेतायत.

आदिनाथच्या टपरीवर दूध नासलं तेव्हा चारपाच गिऱ्हाइकं बाकावर बसलेली होती. आदिनाथनं पातेलं उचलून सगळ्यांना दाखवलं.

"या तात्या, या! चहा टाकायच्या आधीच पनीर तयार. शिर्डीच्या हॉटेलात कल्याणकडं धाडू का?"

बाकावरचे हसले. कानिफनाथही हसला. आदिनाथ जवळ येऊन हळू बोलला, "चेष्टा सोडा. तुमच्या दुधाला मी कवा नाव ठिवलं न्हाई. काय टाकताय त्यात?"

"काय बी न्हाई. आमच्या घरात तसलं चालत न्हाई."

"मग काय चालतं त्ये तरी बगा एकदा."

कानिफनाथाला ते बोलणं लागलं नाही. त्याच्या डोक्यात एकच होतं. टपरी झाली, आता फक्त लंकाबाईचं घर राहिलं. त्यानंतर वस्ती.

एक गोष्ट मात्र त्याला खुपत होती. पाहुणा पुढच्या घरी गेला की मागचं घर मोकळं होतं. इथं तसं होत नव्हतं. टपरीवर नासत होतं तेव्हा मास्तरांकडंही नासतच होतं, शिंप्याकडंही. जिथं पोचलं तिथून ते हलत नव्हतं. कानिफनाथानं हा विचार बाजूला सारला. तो सरकला, पण गेला नाही.

स्नेहलच्या दारात दुसऱ्या सकाळी चपला जास्त होत्या. ती बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावर तिचं पोरगं, समर्थ, मान टाकून पडलेलं. वर्षासव्वा वर्षाचं पोर, रोज कॅनचं झाकण वाजवायला रांगत यायचं. आज त्याच्या हाताला पांढरी पट्टी होती, सलाईन लावून काढल्यासारखी. डोळे आत गेलेले.

"जुलाब थांबेनात," स्नेहल म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं, दूध उकळून देता का? मी काय सांगू तात्या? उकळलं की फाटतं. पोराला काय द्यायचं मग? म्हणून दोन दिवस नुसतं कोमट करून दिलं. फाटायच्या आत उतरवलं."

कानिफनाथाच्या हातात माप तसंच राहिलं.

"उद्यापासून पिशवीचं घेईन," ती म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात, नुसता थकवा. "काकू होत्या तोवर कधी असं झालं नाही."

दवाखान्याची भिंत बोळाच्या तोंडाशीच होती. तिच्यावर ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात कुणीही उभं नव्हतं. कानिफनाथानं तिकडं बघितलं आणि गाडी वळवली.

घरी येताना लंकाबाईनं त्याला फाट्यावर हात करून थांबवलं. लंकाबाई म्हातारी, पाठीत वाकलेली, जिभेनं तिखट. तिच्या पायाशी पातेलं होतं. आत पिवळसर पाणी आणि वर तरंगणारे गोळे.

"आलं बग माझ्याबी दारात," ती म्हणाली. "कानिफा, तिचं काय ठिवलंयस घरात?"

"काय न्हाई आक्का."

"खोटं बोलू नगंस. बायकूच्या मयतीत म्या तुला धरून बसवला हुता. गेल्या मानसाचं वस्त्र ठिवलं तर मानूस वाटंत अडकतं." तिनं पातेलं पायानं पुढं ढकललं. "वास घे. तुझ्या दुधाला तिचा वास येतोय. बाळतपनात माझ्या घरी यायची तवापसनं मला ठावं हाय त्यो वास."

कानिफनाथ वाकला नाही. गाडीला किक मारून तो निघाला. पण फाट्यापासून वस्तीपर्यंतच्या त्या एवढ्याशा वाटेवर, दोन्ही बाजूंना ऊस सळसळत असताना, त्याला पहिल्यांदाच मागं वळून बघायची भीती वाटली. लंकाबाईचं घर झालं होतं. आता मधे कुणीच नव्हतं.

अंगण सुनं होतं. भर दुपारची सावली पायाखाली गोळा झालेली. गोठ्यात तिन्ही म्हशी उभ्या होत्या, आणि तिघीही वाटेकडं तोंड करून. रवंथ थांबलेला.

ओट्यावर, नव्या विणलेल्या बाजेवर, ज्ञानू बसली होती. त्याची नात, नुकती चालायला लागलेली. दोन्ही हातांत स्टीलचा पेला धरून ती तोंडाला लावत होती.

"काय पितीय ती?" कानिफनाथानं विचारलं.

धनश्री स्वयंपाकघरातून म्हणाली, "दूध. तापवताना कडंला फुटल्यासारखं दिसलं मामा, म्हनून उकळू न्हाई दिलं. नुसतं कोमट करून दिलं. फाटायच्या आत उतरवलं."

तेच शब्द. बोळातल्या दारातले, तसेच्या तसे, जणू कुणीतरी ते तिथून उचलून बरोबर घेऊन आलं होतं.

कानिफनाथ धावला. त्यानं पेला हिसकून घेतला, दूध बाजेवर सांडलं, पोरगी किंचाळून रडायला लागली. धनश्री बाहेर आली तेव्हा सासरा पेल्यात नाक घालून उभा होता.

वास मनकर्णेचा होता. यात तिळभर शंका नव्हती. ती घरी पोचली होती, आणि नातीच्या ओठाला लागली होती.

तो तसाच वळला, कॅनापाशी गेला, गुडघे टेकले आणि कॅनात तोंड खुपसलं. जन्मात कधी खुपसलं नव्हतं. आत काळोख होता. काळोखात कुणीतरी श्वास घेत होतं, जवळ, अगदी गालापाशी. कॅनच्या गळ्याच्या आतल्या कडेला पिवळा थर धरलेला, आणि तिथून आंबूस, कुजका, ओला वास त्याच्या तोंडावर आला. लुगड्याचाच वास. ज्यात तो रोज डोळे मिटून बसत होता तो. या काळोखात मनकर्णा रोज संध्याकाळी तोंड घालायची ती याच वासाला शोधायला. सापडला असता तर तिनं कॅन अंगणात भिरकावला असता. पोरांच्या ओठांपर्यंत तिनं तो एकदाही जाऊ दिला नव्हता.

"तुला म्या घरी आणली न्हाई," तो कॅनातच म्हणाला. "म्या तुला घान करून सोडली गं."

आवाज घुमून परत आला. नुसता त्याचाच होता.

तो उठला. पालथं पातेलं सरळ केलं, त्यातली माती झटकली, तीन दगडांत सरपण पेटवलं. गोठ्यातल्या खुंटीवरचं लुगडं काढून आणलं. धनश्री मधे आली.

"मामा, चंद्री पान्हा सोडनार न्हाई मग. सगळं बसंल."

"चंद्रीचं चंद्री बगील."

पाणी उकळायला लागल्यावर त्यानं सोडा टाकला आणि लुगडं आत सोडलं. ते लगेच बुडालं नाही. हवा भरून पदर वर फुगला, खांद्यासारखा, कुणीतरी पाण्यात पाठमोरं बसल्यासारखा. कानिफनाथानं काठी घेतली, पण दाबवेना. मग ज्ञानूच्या रडण्याचा हुंदका आला, आणि त्यानं दाबलं. पदर खाली गेला, पुन्हा वर आला, पुन्हा गेला. वाफेबरोबर वास उठला. आंबूस निघून गेला, शेण निघून गेलं, आणि क्षणभर नुसती मनकर्णा राहिली, मशेरीची, चुलीच्या धुराची, खोबरेलाची. साऱ्या अंगणात ती भरली. गोठ्यात तिन्ही म्हशींनी दावी ताणली आणि एका सुरात हंबरल्या. धनश्रीनं नकळत पदर डोक्यावर घेतला.

मग वास विरळ होत गेला. पाणी काळंहिरवं झालं. शेवटी नुसता सोड्याचा वास राहिला.

लुगडं पिळून त्यानं मेंदीच्या कुंपणावर पसरलं. कॅन घासले, कढत पाण्यानं विसळले, पालथे घातले. ऊन कलायला लागल्यावर वाळलेलं लुगडं मांडीवर घेतलं आणि धनश्रीकडून कात्री मागितली. पदराचे दोन तुकडे त्यानं सरळ कापले.

संध्याकाळी उरलेलं लुगडं पांघरून तो चंद्रीपाशी बसला. तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. मग तोंड फिरवलं. पहाटेही तसंच. तिनं लाथ मारली नाही, हेच पुष्कळ. तिच्या दोन्ही लेकींनी अर्धमुर्धं सोडलं, तेवढं घेऊन तो निघाला.

"आज कमी हाय," लंकाबाईला म्हणाला. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पातेलं पुढं केलं. आदिनाथला म्हणाला, "आज तुला न्हाई. रागावू नगंस." आदिनाथनं चहाचा ग्लास पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

दवाखान्याच्या मागच्या बोळात तो शेवटी गेला. स्नेहलनं दार उघडलं. तिच्या ओट्यावर पिशवीचं दूध होतं.

"विकायला न्हाई आलो पोरी," कानिफनाथ म्हणाला. "हे माझ्यासमोर तापव. एवढं कर."

तिनं पातेलं गॅसवर ठेवलं. दोघंही बघत उभे राहिले. दूध तापलं, कडेला बुडबुडे धरले, मधे हललं. कानिफनाथानं दाराची चौकट घट्ट धरली. मग दूध एकसंध, पांढरं, काठापर्यंत वर आलं. स्नेहलनं गॅस बारीक केला. दूध खाली बसलं, आणि वर साय धरायला लागली.

आतल्या खोलीतून समर्थ रांगत आला. रिकाम्या कॅनापाशी थांबला आणि हळूच, अशक्तपणे, झाकण वाजवलं.

"उद्या या," स्नेहल म्हणाली. "बघू."

कानिफनाथ वस्तीवर परतला तेव्हा दुपार झाली होती. अंगणात कुणी दिसेना. धनश्री गोठ्याच्या दारात पाठमोरी उभी होती, ज्ञानूला कडेवर घेऊन. तिनं बोट ओठांवर ठेवलं.

चंद्रीनं मान आपल्या कुशीकडं वळवली होती. तिथं कुणी नव्हतं. तिच्या नाकपुड्या फुलत होत्या, मिटत होत्या, सावकाश. मग तिच्या पोटातून तो लांब सुस्कारा निघाला, आणि चारी सडांतून दूध ओघळायला लागलं. कुणाचा हात न लागता. खालच्या मातीवर त्याचा बारीक, एकसारखा आवाज येत होता.

"दोन येळची धार तुंबली, म्हनून गळत असंल," धनश्री कुजबुजली. "न्हाई का मामा?"

"व्हय. तसंच असंल."

"कासंडी आनू?"

"नगं," कानिफनाथ म्हणाला. "पहिली धार धरनीची."

दूध जमिनीत मुरत होतं, थोडं वाहत दारापर्यंत आलं होतं. पत्र्यावरून एक कावळा उतरला, इकडं तिकडं न बघता चालत आला आणि त्यानं त्या पांढऱ्या ओघळात चोच बुडवली. कुणी त्याला हाकललं नाही.

कानिफनाथानं सकाळचं ओलं गाळणं काढलं, आणि ऊन डोक्यावर आलंय हे बघून चूल पेटवायला घेतली.